दाणे-खोबऱ्याची धान्यवडी : घरगुती ग्रॅनोला बारचे शास्त्र आणि कृती

भाजलेले धान्य, दाणे, बिया आणि खोबरे हे सारे गोड पाकात घोळवून, दाबून, वड्यांच्या आकारात कापलेला जो पदार्थ आज बाजारात ‘ग्रॅनोला बार’ या नावाने विकला जातो, तो घडणीच्या दृष्टीने मराठी स्वयंपाकघराला मुळीच अपरिचित नाही. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, तिळाची वडी आणि डिंकाचा लाडू हे त्याचे जवळचे नातेवाईक असून, कोरड्या घटकांना पाकाने बांधणे हेच या सर्वांमागचे समान तत्त्व आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील डान्सव्हिल येथे डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी १८६३ मध्ये जाड्या गव्हाच्या पिठापासून दोनदा भाजून केलेले ‘ग्रॅन्युला’ हे न्याहारीचे खाद्य तयार केले, आणि पुढे बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात जॉन हार्वी केलॉग यांनी तशाच खाद्याला ‘ग्रॅनोला’ हे नाव दिले. त्याच १८६३ साली भोर घाटातून जाणारा लोहमार्ग खुला झाला. या मार्गाच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांच्या खाण्यातील गुडदाणीतूनच लोणावळ्याची चिक्की पुढे आली, असे परंपरेने सांगितले जाते. दीर्घ श्रमाला पुरेल, सोबत नेता येईल आणि चार दिवस टिकेल असे खाद्य ही गरज दोन्हीकडे सारखीच होती.

घरी ग्रॅनोला बार करू पाहणाऱ्यांची निराशा बहुतेक वेळा चवीमुळे होत नाही, तर वडी कापताना तिचा चुरा होतो, किंवा ती दाताला न तुटण्याइतकी कडक होते, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सादळून हाताला चिकटते, यामुळे होते. या तिन्ही दोषांचे मूळ एकच असते, ते म्हणजे वडीत उरलेल्या पाण्याचे प्रमाण. म्हणून घटक कोणते घ्यावेत यापेक्षा प्रत्येक घटकातले आणि पाकातले पाणी किती घालवावे, हे समजून घेणे या कृतीत अधिक महत्त्वाचे ठरते.

मुळशी तालुक्यातील नांदे हे गाव पुणे शहराच्या पश्चिमेला, मुळा नदीच्या खोऱ्यात वसलेले असून, एका बाजूला भातशेती आणि दुसऱ्या बाजूला हिंजवडी, बालेवाडी, म्हाळुंगे या दिशेने वाढत आलेली नवी वसाहत, असे त्याचे आजचे रूप आहे. अशा गावात एकाच घरात भातलावणीला चिखलात उभे राहणारे, सकाळी लवकर संगणक कंपनीच्या बसने जाणारे आणि शाळेचा डबा नेणारे अशी तिन्ही प्रकारची माणसे असू शकतात, आणि कोरईगड किंवा घनगडाच्या वाटेवर निघालेल्यांचा मार्गही याच परिसरातून जातो. या सर्वांना मूठभर खाण्यात पुरेशी ऊर्जा देणारी वडी उपयोगी पडते. प्रस्तुत कृती या परिसरातील हवामान, उंची आणि सहज मिळणारे घटक लक्षात घेऊन मांडली आहे. उंचीचा पाकाशी काय संबंध, हे पुढे ओघाने येईल.

धान्याचा पाया

विदेशी कृतींमध्ये पाया म्हणून ओट्स वापरले जातात. वाफवून, रुळाखाली चपटे केलेले जाड ओट्स यासाठी योग्य असतात. झटपट शिजणारे बारीक ओट्स पाक शोषून लगदा करतात, आणि मसाला घातलेली पाकिटे तर येथे निरुपयोगीच होत. ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू, म्हणजे पाण्यात विरघळून दाट होणारा चोथा, रक्तातील कोलेस्टेरॉल कमी ठेवण्यास हातभार लावतो, हा त्यांचा खरा गुण आहे. तथापि ओट्स नसतील तर वडी अडत नाही. मुळशी हा भाताचा तालुका आहे. आंबेमोहोर आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात विकसित झालेला इंद्रायणी हे तांदूळ येथील घरोघरी परिचयाचे आहेत, आणि भाताचेच रूप असलेले जाड पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजून ओट्सच्या जागी घेता येतात. ज्वारीच्या लाह्या आणि राजगिऱ्याच्या लाह्या हे आणखी दोन चांगले पर्याय आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पाक हा घटकांच्या वजनाला नव्हे, तर त्यांच्या पृष्ठभागाला लागतो. लाह्या फुललेल्या असल्याने तीस ग्रॅम लाह्यांनीही मोठी वाटी भरते आणि त्या सर्व पृष्ठभागावर पाकाचा थर बसावा लागतो. म्हणून निव्वळ लाह्यांची वडी करताना पाकाचे प्रमाण वाढवावे लागते, अन्यथा ती सुटते. याउलट शेंगदाणे आणि बदाम यांचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने कमी असल्यामुळे त्यांना थोडा पाक पुरतो. ओट्सचा पाचवा हिस्सा लाह्यांनी बदलला तर वडी हलकी होते आणि पाकाचे प्रमाणही बदलावे लागत नाही, असा मध्यममार्ग या लेखात स्वीकारला आहे.

दाणे आणि खोबरे

शेंगदाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने आणि ४९ टक्के स्निग्धांश असतो. बदामात प्रथिने सुमारे २१ टक्के आणि स्निग्धांश निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे किमतीत कितीही अंतर असले तरी प्रथिनांच्या बाबतीत शेंगदाणा बदामाहून उणा नाही, आणि महागडा सुकामेवा घातल्याखेरीज वडी पौष्टिक होत नाही, ही समजूत सोडून देण्याजोगी आहे. मात्र शेंगदाणे निवडून घेणे अत्यावश्यक आहे. दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृताला घातक असे विष तयार करते. हे विष भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून सुरकुतलेले, काळपट, हिरवट डाग असलेले किंवा कडवट वास येणारे दाणे भाजण्यापूर्वीच वेचून टाकावेत; भाजल्यानंतर सर्वच दाणे तपकिरी होतात आणि दोष नजरेस येत नाही.

शेंगदाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटे सतत हलवत भाजावेत. मोठ्या आचेवर त्यांची साले लगेच काळी पडतात, पण आतला गर कच्चा आणि ओलसर राहतो, आणि हाच ओलावा पुढे वडी सादळण्यास कारण होतो. दाणा गार झाल्यावर बोटांनी चोळताच साल सुटली आणि दोन भाग होताना टचकन आवाज आला, म्हणजे तो आतपर्यंत भाजला गेला असे समजावे. साले सुपात पाखडून काढावीत, कारण सालीला चिकटलेला पाक दाण्याला पकडत नाही. त्यानंतर दाण्यांची जाडसर भरड करावी. अख्खे दाणे ठेवल्यास सुरी त्यांच्यावर अडते आणि वडी नेमकी तेथेच फुटते. बदाम वेगळे भाजून त्यांचे प्रत्येकी चार-पाच तुकडे करावेत. भरडीतील दोन-तीन चमचे बारीक कूट बाजूला न काढता मिश्रणातच राहू द्यावे, कारण मोठ्या तुकड्यांमधील पोकळी ते भरून काढते.

खोबऱ्याच्या बाबतीत घोटाळा सर्वांत जास्त होतो. ओल्या नारळाच्या खवात जवळपास निम्मे पाणी असते, तर चांगल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटीत ते सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरलेले असते आणि स्निग्धांश साठ टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो. ओला खव घालून केलेली वडी नारळाच्या वडीसारखी रुचकर लागेल, यात शंका नाही, परंतु ती टिकणार नाही. तिचे पाणी दोन दिवसांत ओट्समध्ये आणि लाह्यांमध्ये उतरते आणि सारा कुरकुरीतपणा जातो. म्हणून या वडीला सुके खोबरेच घ्यावे. वाटी फोडून तिचा वास घ्यावा, आतल्या बाजूस पिवळट किंवा काळे ठिपके असल्यास ती वापरू नये, आणि खवट वास असल्यास भाजून तो लपेल असे मानू नये, कारण उष्णतेने खवटपणा अधिकच उठून येतो. पाठीवरची तपकिरी साल किसून काढली तर रंग उजळतो, पण ती ठेवल्याने चवीत काही बिघडत नाही. बाजारातील पांढरा, बारीक डेसिकेटेड कीस चालतो, मात्र घरी किसणीवर केलेला लांबट कीस वडीला धाग्यांसारखा धरून ठेवतो, हा त्याचा फायदा त्या पांढऱ्या किसाला नाही.

खोबरे नेहमी स्वतंत्र आणि शेवटी भाजावे. त्याचा कीस पातळ असल्याने दोन-तीन मिनिटांतच तो फिक्या सोनेरी रंगावर येतो आणि कढई उतरवल्यानंतरही तिच्या उष्णतेने आणखी गडद होत राहतो. यास्तव हवा त्याहून किंचित फिका असतानाच तो परातीत काढावा. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला वितळते, ही गोष्टही येथे उपयोगी पडते: डिसेंबर-जानेवारीत पुणे परिसरात रात्रीचे तापमान बरेच खाली जाते, तेव्हा खोबऱ्याची वडी घट्ट आणि कोरडी भासते, तर एप्रिलमध्ये तीच वडी हाताला तेलकट लागते. हा कृतीतील दोष नसून खोबऱ्यातील स्निग्धांशाचा स्वभाव आहे, आणि म्हणून उन्हाळ्यात तुपाचे प्रमाण एक लहान चमचा कमी करणे पुरेसे होते.

पाक

वडीची सारी भिस्त पाकावर असते. पाक म्हणजे साखर किंवा गूळ यांचे पाण्यातील असे द्रावण, जे उकळताना पाणी सोडत जाते आणि जसजसे दाट होते तसतसा त्याचा उत्कलनबिंदू, म्हणजे उकळण्याचे तापमान, वर चढत जातो. यामुळे पाकाचे तापमान हे त्यात किती पाणी शिल्लक आहे याचे थेट माप ठरते. सुमारे ११२ ते ११६ अंशांदरम्यान पाकात अंदाजे ८५ टक्के साखर असते. थंड पाण्यात थेंब टाकला असता त्याची मऊ गोळी होते, आणि यालाच गोळीबंद पाक म्हणतात. १२१ ते १३० अंशांदरम्यान गोळी कडक होते, आणि १४६ अंशांच्या पुढे पाण्यात पडलेला थेंब काचेसारखा तडकतो, तेव्हा पाण्याचा अंश एखाद्या टक्क्यावर आलेला असतो. कडक, खुटखुटीत चिक्कीसाठी पाक या शेवटच्या टप्प्याच्या जवळ न्यावा लागतो. ग्रॅनोला बारकडून अपेक्षित असलेली किंचित चिवट, चावता येणारी घडण मात्र गोळीबंद पाकाच्या वरच्या टोकाला, म्हणजे ११६ ते ११८ अंशांवर मिळते.

हे आकडे समुद्रसपाटीसाठी असतात. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो, आणि पुणे व मुळशीचा पूर्व भाग साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने नांदे येथे पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९८ अंशांवरच उकळते. पुस्तकातील तापमान येथे जसेच्या तसे पाळल्यास पाक अपेक्षेपेक्षा जास्त आटतो आणि वडी कडक होते. म्हणून नांदे परिसरात ११६ ते ११८ ऐवजी ११४ ते ११६ अंशांवर पाक उतरवावा. तापमापक वापरणाऱ्यांनी तो प्रथम उकळत्या पाण्यात धरून पाहावा, आणि त्याने दाखवलेला आकडा १०० पेक्षा जितका कमी असेल, तितके अंश कृतीतल्या तापमानातून वजा करावेत. यात उंचीचा फरक आणि तापमापकाची स्वतःची चूक दोन्ही एकदमच दुरुस्त होतात. तापमापक नसलेल्या घरात वाटीतल्या थंड पाण्याची जुनी परीक्षा पूर्णपणे विश्वासार्ह आहे, किंबहुना ती कोणत्याही उंचीवर सारखीच लागू पडते, कारण ती तापमान न पाहता पाकाची घनता पाहते.

साखरेऐवजी गूळ घेण्याचे खरे कारण चव आणि घडण हे आहे. गुळात उसाच्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्कराही नैसर्गिकपणे असतात, आणि त्या मोठ्या स्फटिकांच्या बांधणीत आडव्या येतात; त्यामुळे गुळाचा पाक निव्वळ साखरेच्या पाकासारखा चटकन रवाळ होत नाही. हाच परिणाम वाढवण्यासाठी परदेशी कृतींमध्ये मध किंवा मक्याचे सिरप घालतात. मराठी घराला त्यासाठी काकवी उपलब्ध आहे. उसाचा रस आटवून, गूळ होण्याआधी उतरवलेला हा दाट पाक वडीला मऊपणा देतो आणि मध तापवू नये असे मानणाऱ्या घरांचा प्रश्नही त्याने सुटतो. काकवी नसेल तर गुळाच्या पाकात अर्ध्या लिंबाचा रस घालावा, कारण आम्ल उसाच्या साखरेचे काही अंशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत विघटन करते. संक्रांतीच्या सुमारास ‘चिक्कीचा गूळ’ म्हणून मिळणारा गूळ कडक वडीसाठी असतो. येथे साधा, मऊ, गडद रंगाचा गूळ घ्यावा. अतिशय पिवळाधमक गूळ टाळलेला बरा, कारण रंग उजळण्यासाठी अनेकदा हायड्रोस पावडर वापरली जाते.

प्रमाण आणि कृती

वीस सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी ट्रेसाठी जाड ओट्स १२० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या ३० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे ८० ग्रॅम, बदाम ६० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस ६० ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम आणि अख्खे जवस २० ग्रॅम घ्यावेत, म्हणजे कोरड्या घटकांचे एकूण वजन ४०० ग्रॅम होते. पाकासाठी किसलेला गूळ १३० ग्रॅम, काकवी ५० ग्रॅम, साजूक तूप ३० ग्रॅम, दोन मोठे चमचे पाणी आणि पाव चमचा मीठ लागते. वेलदोड्याची किंवा सुंठीची पूड आवडीप्रमाणे घालावी. कोरड्या घटकांच्या निम्म्याहून किंचित अधिक वजनाचा पाक, हे या प्रमाणाचे सूत्र आहे आणि घटक बदलले तरी ते सांभाळावे. वाट्यांच्या मापाने काम करणे येथे धोक्याचे आहे, कारण एक वाटी लाह्या आणि एक वाटी शेंगदाणे यांच्या वजनात कित्येक पटींचा फरक पडतो; स्वयंपाकघरात लहान वजनकाटा असल्यास तो या कृतीत तापमापकापेक्षाही अधिक कामाचा ठरतो.

ओट्स कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटे, खमंग वास सुटून ते बोटांत चुरेपर्यंत भाजावेत. ओव्हन असल्यास १५० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे, मध्ये एकदा उलथून, भाजले तरी चालतात. तीळ आणि जवस तडतडू लागताच उतरवावेत. लाह्या केवळ गरम करून घ्याव्यात. खोबरे शेवटी भाजून हे सर्व मोठ्या जाड कढईत एकत्र करून झाकून ठेवावे, म्हणजे मिश्रण कोमट राहते. ही कोमटपणाची अट क्षुल्लक वाटली तरी ती पाळावी, कारण थंड घटकांवर पाक ओतला की तो पसरण्याआधीच घट्ट होतो आणि काही भागात ढेकळे, तर काही भागात कोरडे दाणे राहतात. ट्रेमध्ये तूप लावलेला बटर पेपर दोन बाजूंनी बाहेर लोंबेल असा आधीच घालून ठेवावा. पाक झाल्यावर त्यासाठी वेळ मिळत नाही.

गूळ आणि पाणी मंद आचेवर विरघळवून घ्यावे आणि गुळात खडे किंवा चिपाडाचे तुकडे असल्यास याच वेळी ते गाळून काढावे. मग काकवी, तूप आणि मीठ घालून आच मध्यम करावी. प्रथम मोठे, पातळ बुडबुडे भरभर येतात. पाणी उडत गेल्यावर ते लहान, दाट आणि संथ होतात, फेसाचा रंग गडद होतो आणि उलथण्यावरून पाक पडताना त्याची धार तुटत नाही. येथून पुढे लक्ष क्षणभरही हलवू नये. वाटीतल्या थंड पाण्यात थेंब टाकून दहा सेकंदांनी बोटांनी गोळा करावा. तो पसरून विरघळला तर पाक कच्चा आहे, मऊ गोळी झाली पण पाण्याबाहेर काढताच चपटी होऊ लागली तर आणखी मिनिटभर लागेल, आणि गोळीने बाहेरही आकार धरला, तरी दाबताच ती दबली, म्हणजे पाक तयार झाला. परीक्षा चालू असताना भांडे आचेवरून बाजूला ठेवावे, नाहीतर तेवढ्या वेळात पाक पुढच्या टप्प्यावर जातो.

पाक कोमट मिश्रणावर ओतून खालून वर असे उलथत मिनिट-दीड मिनिटात सर्व घटकांना लावावा, मिश्रण लगेच ट्रेमध्ये ओतून पसरावे आणि वरून तूप लावलेल्या सपाट बुडाच्या वाटीने दाबावे. हे दाबणे केवळ वरचा भाग सारखा करण्यासाठी नसते. दाण्यांमधली हवा निघून पाकाचे बिंदू एकमेकांना चिकटावेत हा त्याचा हेतू असतो, म्हणून कडांपासून सुरुवात करून मध्याकडे येत, शरीराचा भार देऊन, दोन-तीन वेळा दाबावे. वरून दुसरा कागद ठेवून लाटण्याने फिरवले तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो. दहा-पंधरा मिनिटांनी, वडी गरम असली तरी हाताला सोसेल अशी झाल्यावर, धारदार सुरीने दहा सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद अशा सोळा वड्यांच्या रेघा खोलवर पाडाव्यात, आणि पूर्ण गार झाल्यावरच, किमान दोन तासांनी, त्या रेघांवर सुरी सरळ खाली दाबून वड्या सुट्या कराव्यात. सुरी पुढे-मागे करवतीसारखी चालवल्यास कडा सुटतात.

इतके करूनही वडी बिघडली तर ती बहुधा दुरुस्त होते. चुरा होत असेल आणि पाक कच्चा राहिला असल्याची शंका असेल, तर ट्रे १५० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटे ठेवून पुन्हा दाबावा, म्हणजे उरलेले पाणी जाते. पाकच कमी पडला असेल तर मात्र तिला वडी करण्याचा आग्रह सोडून तो चुरा दुधात किंवा दह्यात घालून न्याहारीला वापरावा, आणि ग्रॅनोलाचे मूळ रूप तेच असल्याने त्यात काही वाया जात नाही. वडी फार कडक झाली असेल तर खाण्यापूर्वी तव्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर किंचित गरम करावी. पाक एकदा आटल्यावर त्यात पाणी परत आणता येत नाही, म्हणून कडकपणावर याहून चांगला इलाज नाही.

उपवासासाठी ओट्स व जवस वगळून राजगिऱ्याच्या लाह्या, शेंगदाणे आणि खोबरे यांची वडी करता येते; वर सांगितल्याप्रमाणे तिला पाक थोडा जास्त लागतो, आणि तीळ उपवासाला चालतात की नाहीत हे घरच्या रिवाजाप्रमाणे ठरवावे.

पोषणाचा हिशोब

वरील प्रमाणातील एका वडीचे वजन सुमारे ३७ ग्रॅम भरते आणि घटकांच्या पोषणमूल्यांवरून हिशोब केल्यास तीतून सुमारे १८० किलोकॅलरी ऊर्जा, चार ग्रॅम प्रथिने आणि गूळ-काकवीतून आलेली सुमारे नऊ ग्रॅम साखर मिळते. गड चढणाऱ्याला किंवा दिवसभर शेतात वाकणाऱ्याला ही ऊर्जा हवीच असते; बसून काम करणाऱ्याने मात्र ती जेवणाच्या जागी धरावी, जेवणानंतरच्या जोडीला नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी, आणि शक्यतो पाच टक्क्यांहून कमी असावी. दोन हजार किलोकॅलरीच्या आहारात पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम होतात, आणि दोन वड्यांतच त्यातले अठरा ग्रॅम खर्च होतात.

गूळ वापरला म्हणून वडी मधुमेही व्यक्तीला चालते, ही फार पसरलेली आणि हानिकारक समजूत आहे. गुळात लोह आणि अन्य खनिजे काही प्रमाणात असतात हे खरे, परंतु एका वडीतल्या आठ ग्रॅम गुळातून मिळणारे लोह रोजच्या गरजेच्या मानाने फारच थोडे असते, आणि त्यातील शर्करा रक्तातील साखर वाढवतेच. खजूर वाटून घातल्यास चोथा मिळतो, पण शर्करा तेथेही आहेच. मधुमेहींनी आपल्या वैद्यकीय सल्लागाराशी बोलून प्रमाण ठरवावे. शेंगदाणा, बदाम आणि तीळ यांची ॲलर्जी गंभीर रूप घेऊ शकते, म्हणून शाळेच्या डब्यात वाटून खाण्यासाठी ही वडी देताना तीत काय आहे हे मुलाला आणि शिक्षकांना सांगून ठेवावे. पाच वर्षांखालील मुलांना दाण्यांचे तुकडे श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी दाण्यांचे बारीक कूट करून मऊ लाडू वळणे हेच योग्य.

साठवण

अन्न टिकेल की नाही हे त्यातल्या एकूण पाण्यावर नव्हे, तर सूक्ष्मजीवांना वापरता येईल अशा मोकळ्या पाण्यावर ठरते. या मोकळ्या पाण्याच्या शून्य ते एक अशा मापाला जलक्रियाशीलता म्हणतात आणि ती ०.६ च्या खाली असेल तर बुरशी किंवा जिवाणू वाढू शकत नाहीत. नीट भाजलेल्या घटकांची आणि योग्य पाकाची वडी या मर्यादेच्या आसपास किंवा खाली राहते. परंतु गूळ हवेतील ओलावा ओढून घेणारा असल्याने जून ते सप्टेंबर या काळात मुळशीची हवा वडीचे मोठे नुकसान करते. या महिन्यांत पाक एक-दोन अंश वर नेऊन वडी किंचित कडक ठेवावी, पावसाची झड चालू असताना शक्यतो करू नये, पंख्याखाली उघडी गार करत ठेवू नये, आणि गार होताच प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावी. कोरड्या दिवसांत ती साधारण दोन आठवडे चांगली राहते, पावसाळ्यात आठवड्याभरात संपवावी. शीतकपाटात ठेवल्यास डबा बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा, अन्यथा थंड वडीवर हवेतील वाफ जमून ती ओलसर होते.

बुरशीखेरीज दुसरा शत्रू खवटपणा हा आहे. जवस आणि अक्रोड यांतील तेले हवा, उष्णता आणि उजेड यांनी लवकर बिघडतात. म्हणून जवस अख्खेच घालावेत, पूड करून नव्हे, आणि अक्रोड घातलेली वडी आठवड्याच्या आत खावी. डबा खिडकीजवळ किंवा शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नये.

बचत गटाने किंवा एखाद्या घराने ही वडी विकायची ठरवल्यास, प्रमाण कितीही लहान असले तरी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि पाकिटावर पदार्थाचे नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची व वापरण्याची अंतिम तारीख, आणि शेंगदाणे, बदाम, ओट्स यांसारख्या ॲलर्जीकारक घटकांचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. वापरण्याची अंतिम तारीख अंदाजाने न छापता एकाच घाण्यातील काही वड्या बाजूला ठेवून, त्या कोरड्या आणि पावसाळी अशा दोन्ही हवेत दर दोन-तीन दिवसांनी तपासून, सादळण्याची किंवा खवट होण्याची पहिली खूण कधी दिसते ते वहीत नोंदवावे, आणि त्याहून बरीच अलीकडची तारीख पाकिटावर घालावी.